जननस्वातंत्र्य व राजकीय बहुविधता
अपत्यास जन्म द्यावा की नाही, केव्हा द्यावा व किती अपत्ये असावीत, याविषयीचा स्त्रीचा निर्णयाधिकार म्हणजे जननस्वातंत्र्य. हा विषय दीर्घकाळ वैद्यक व लोकसंख्याशास्त्र यांच्या कक्षेत राहिला. हाना आरेंट (१९०६–७५) यांनी द ह्यूमन कंडिशन (१९५८) या ग्रंथात जन्मास राजकीय विचारात स्थान दिले. प्रत्येक जन्माबरोबर जगात एक नवा आरंभ येतो, आणि परस्परांहून भिन्न माणसांच्या एकत्र असण्यातून सार्वजनिक जीवन घडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तथापि प्रसूती व अपत्यसंगोपन त्यांनी घरातील अपरिहार्यतेच्या क्षेत्रात ठेवले. इटालियन विदुषी आद्रियाना काव्हारेरो यांनी या विचारातील आईची अनुपस्थिती दाखवून दिली. हा आक्षेप ग्राह्य आहे : जन्म जर आरंभ असेल, तर तो जिच्या देहातून होतो तिची इच्छा त्या विचारात गौण ठरू शकत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न बराच आधी उपस्थित झाला होता. र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिक चालविले. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठीचे भाषण बाबासाहेब आंबेडकरांनी (१८९१–१९५६) तयार केले होते. त्यात दारिद्र्याचा युक्तिवाद आहेच. परंतु कोणत्याही कारणाने मूल नको असणाऱ्या स्त्रीला गर्भधारणा टाळता आली पाहिजे व अपत्यप्राप्ती सर्वस्वी तिच्या निवडीवर अवलंबून असावी, हा मुद्दा अधिक मूलगामी होय. ठराव फेटाळला गेला.

पुढे शासनाने संततिनियमन स्वीकारले ते मुख्यतः दारिद्र्याच्या युक्तिवादावर; निवडीचा मुद्दा मागे पडला. १९७६ मध्ये राज्य विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या निर्बीजीकरणाचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते कायदा होऊ शकले नाही. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यानेही अंतिम निर्णय स्त्रीच्या इच्छेवर न सोडता डॉक्टरांच्या मतावर सोपविला.

जननस्वातंत्र्य व बहुविधता यांचा प्रत्यक्ष संबंध पंचायतींच्या कायद्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्यसंख्या दोहोंहून अधिक झाल्यास ग्रामपंचायतीचे सदस्यत्व मिळत नाही वा टिकत नाही, अशी तरतूद महाराष्ट्रात करण्यात आली. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावालाही तीच लागू झाली. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या, तर २०११ मध्ये राज्यात हे प्रमाण निम्मे झाले. म्हणजे एका तरतुदीने पंचायतीचे दार उघडले आणि दुसरीने ते, घरात ज्यांच्या संमतीची क्वचितच विचारणा होते अशा स्त्रियांसाठी, पुन्हा लोटून घेतले. हरियाणातील अशीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरविली. निवडणूक लढविणे हा मूलभूत हक्क नव्हे, असा त्याचा आधार होता. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे असेल, परंतु मतदारांपुढील निवड संकुचित होते याचा विचार त्यात नाही.

उलट बाजूचीही नोंद घेणे आवश्यक आहे. निवडीचा हक्क मुलीचा गर्भ टाळण्यासाठी वापरला गेला, तेव्हा स्त्रीमुक्ती संघटनांनीच लिंगनिदानाविरुद्ध मोहीम उभारली व महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. या संघटनांनी गर्भपाताच्या हक्कास मात्र विरोध केला नाही. कोणत्या मुलाने जन्मावे हे ठरविणे आणि मूल व्हावे की नाही हे ठरविणे, यांत त्यांनी केलेला भेद आरेंट यांच्या बहुविधतेच्या कल्पनेशी सुसंगत आहे.