दोन सेंटिमीटरचा खाणकामगार

मॉडेल रेल्वेच्या जगात कोळशाची खाण हा लाडका विषय आहे. यूट्यूबवर शोधा, रात्र पुरणार नाही इतके व्हिडिओ सापडतील. लाकडाच्या काडीएवढ्या पट्ट्या एकेक करून चिकटवलेला सांगाडा, गंजका पत्रा, काळी पूड चोळून मळकट केलेल्या भिंती. बघणाऱ्याची दादही ठरलेली असते: 'अगदी खरं वाटतं!' मला हे व्हिडिओ मनापासून आवडतात. तरी या 'खरं'चं माप आपण चुकीच्या ठिकाणी लावतो, असं माझं म्हणणं आहे.

या मॉडेल्समधली मुख्य इमारत म्हणजे टिपल. 'टिप' म्हणजे कलंडवणं, त्यावरून हे नाव. खाणीतून छोट्या डब्यांत आलेला कोळसा इथे वर कलंडवायचा, चाळण्यांवरून खाली सोडायचा आणि आकारानुसार वेगवेगळ्या रुळांवर उभ्या वाघिणींत भरायचा. म्हणजे ही इमारत मुळात एक मोठी चाळणी आहे. तिचा उतार, तिच्याखालून जाणारे तीन-चार रूळ, तिची उंची, या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. चांगल्या मॉडेलमध्ये ते कारण नुसत्या नजरेनं वाचता यायला हवं. पण बहुतेक मॉडेल्समध्ये गंज अप्रतिम असतो आणि कोळसा कुठून आत शिरतो याचा पत्ता नसतो.

गंजाची ही परंपरा थोर आहे. कॅलिफोर्नियातल्या जॉन अ‍ॅलनने 'गोर अँड डॅफेटिड' नावाची रेल्वे घराच्या तळघरात उभारली. मॉडेल चकचकीत असू नये, वापरलेलं, झिजलेलं दिसावं, हा आग्रह त्याने रुजवला. १९७३च्या जानेवारीत तो वारला आणि काही दिवसांतच आगीत ते सगळं गेलं. फोटो उरले, शैली उरली. पण मळ फक्त वय सांगतो. काम काय चालतं, कुणासाठी चालतं, हे त्यातून कळत नाही.

ते सांगण्याचा रस्ता अ‍ॅलन मॅक्लेलँडने दाखवला. त्याची 'व्हर्जिनियन अँड ओहायो' ही कोळसा वाहणारी काल्पनिक रेल्वे होती. त्याचा विचार असा, की तळघराच्या भिंतीशी रेल्वे संपते असं मानायचंच नाही. गाडी भिंतीपलीकडच्या एका मोठ्या जगातून येते आणि तिथेच परत जाते. अशा रेल्वेवर कोळशासाठी एक सुंदर युक्ती वापरतात. मध्ये एक पडदा-भिंत, एका बाजूला खाण, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्र आणि भिंतीतून आरपार जाणारे रूळ. खाणीत ढकललेल्या रिकाम्या वाघिणी पलीकडे वीजकेंद्रातून बाहेर येतात, जणू नुकत्याच खाली झाल्या. वीजकेंद्रात ढकललेल्या भरलेल्या वाघिणी खाणीतून बाहेर येतात, जणू नुकत्याच भरल्या. कोळशाचा एक खडाही कुणी हलवत नाही. एकच अट, बघणाऱ्याला दोन्ही बाजू एकदम दिसता कामा नयेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही युक्ती मला लगेच पटली. भिंतीआड काय चाललंय ते कळू न देणं हा आमच्या धंद्याचाच भाग आहे. पण रायगडच्या किनाऱ्याकडे बघितलं की याच भिंतीचा वेगळा अर्थ लागतो.

आपण त्या भिंतीच्या एकाच बाजूला राहतो. वडखळहून अलिबागला जाताना धरमतरच्या पुलावरून खाडीत बार्ज दिसतात. समुद्रात मोठ्या जहाजांतून कोळसा आणि खनिज बार्जवर उतरतं, अंबा नदीच्या मुखातून आत येतं आणि धक्क्यावरून डोलवीच्या पोलाद कारखान्यात जातं. पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा भारत मोठ्या प्रमाणावर आयात करतो आणि त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा 'टिपल' समुद्रापलीकडे आहे. आपल्याला दिसतात भरलेली बार्ज येताना आणि रिकामी जाताना. मॅक्लेलँडचं तळघराबाहेरचं जग इथे रोज भरतीच्या वेळापत्रकाने ये-जा करतं.

तरीही मॉडेल कशाचं होतं? बाजारात मिळणाऱ्या प्रसिद्ध किटपैकी एकाचं नाव आहे 'न्यू रिव्हर मायनिंग कंपनी'. ही न्यू रिव्हर वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसापट्ट्यातून वाहते. काळ बहुधा १९५०चं दशक, कारण तेव्हा वाफेची आणि डिझेलची इंजिनं एकाच रुळावर दाखवता येतात. डब्यात जे येतं तेच टेबलावर उभं राहतं. धरमतरचा धक्का कुठल्याच डब्यात येत नाही.

जागेची अडचण आहे, हे खरं. मी हिशेब करून पाहिला. आपल्याकडची बॉक्सएन वाघीण जवळपास १०.७ मीटर लांब. अशा ५८ वाघिणींची मालगाडी साधारण ६२० मीटर होते, आणि १:८७ या प्रमाणात सात मीटरहून थोडी जास्त. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती हॉलमधून निघून बेडरूममध्ये संपेल. म्हणून सगळेच काटछाट करतात: दहा वाघिणी, आखूड पट्टा, अर्धी इमारत. त्यात गैर काही नाही. पण काय कापलं आणि काय ठेवलं, यातून मॉडेल करणाऱ्याचं मत कळतं. कापाकापीत पहिला बळी जातो तो माणसांचा.

१:८७ मध्ये माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. खाणीच्या मॉडेलमध्ये तो बहुधा कमरेवर हात ठेवून गाडी बघत उभा असतो. त्याच्याकडे काम नसतं. इथे मला आपला दिवाळीतला किल्ला आठवतो. बुरुजाहून उंच मावळा, अख्ख्या दरबाराहून मोठे सिंहासनावरचे महाराज, हळीव पेरून उगवलेलं जंगल. प्रमाणाच्या नावाने बोंब, पण गोष्ट कुणाची आहे हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. मॉडेल रेल्वेत प्रमाण अचूक असतं आणि गोष्ट इमारतीची होऊन बसते.

शिवाय खाणीचं खरं काम जमिनीखाली चालतं आणि मॉडेल टेबलाच्या वरच संपतं. आपल्यापैकी अनेकांनी कोळशाची खाण पहिल्यांदा पाहिली ती 'काला पत्थर'मध्ये. १९७५ची चासनाळा दुर्घटना त्या चित्रपटामागे होती. पटकथा कितीही फिल्मी असो, पाणी आत शिरतं तेव्हा कॅमेरा खाली माणसांबरोबर असतो. मॉडेलमध्ये त्या जागी काळा रंग दिलेलं एक भोक असतं. लहान करून दाखवलेली कुठलीही गोष्ट गोड वाटू लागते, कारण तिचा आवाज, धूळ आणि खोकला गाळला जातो. जुन्या, बंद पडलेल्या खाणीच्या बाबतीत हा गोडवा एक वेळ चालेल. चालू धक्क्याच्या बाबतीत, जिथे शेजारी खारेपाटातली शेती आणि कोळ्यांच्या होड्या आहेत, तिथे तो महागात पडतो.

म्हणून धरमतरचं मॉडेल कुणीतरी करावं असं मला वाटतं. हात आपल्याकडे आहेत. डोलवीपासून जवळच पेण आहे, जिथे गणपतीच्या डोळ्यांची आखणी हा आयुष्यभराचा अभ्यास असतो. हलत्या देखाव्यांची सवय तर घराघरात आहे, आणि त्यात चालू काळातले विषय येतात. या मॉडेलला गंज कमी लागेल, चिखल जास्त. ओहोटीला उघडा पडणारा चिखल, त्यात कललेली होडी, तिच्यावर जाळं दुरुस्त करणारा दोन सेंटिमीटरचा माणूस. त्याला काम द्या, एवढंच.

आणि बार्ज दोन करावी लागतील. मॉडेलमध्ये पाणी रेझिनचं असतं, त्यामुळे बोट पाण्याच्या रेषेवर कापूनच बसवावी लागते. भरलेली बार्ज खोल बसते, तिचा काठ पाण्याजवळ येतो. रिकामी वर उचलली जाते आणि तिचा एरवी बुडालेला रंग दिसतो. एकीचं तोंड खाडीच्या आत, दुसरीचं समुद्राकडे. मध्ये भिंत घालू नका. दोन्ही एकाच वेळी दिसू द्या.