‘सुटका’ आणि ‘मुक्ती’ : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतील एक अर्थद्वंद्व

मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा बहुधा धर्मांतर, मिशनकार्य आणि भाषिक समन्वय या अंगांनी होत आली आहे. आजारपण, कर्ज, दुष्काळ किंवा घरातील मृत्यू यांनी वेढलेला सामान्य श्रद्धावंत देवाकडे नेमके काय मागतो, हा प्रश्न मात्र साहित्यविचाराच्या कक्षेत क्वचितच येतो. ‘सोडव’ ही विनवणी धार्मिक कृती आहे, तसाच तो एक वाङ्मयप्रकारही आहे. आणि मराठीत तो दोन परंपरांच्या संगमावर उभा आहे.

पहिली परंपरा हिब्रू स्तोत्रांची. १५० स्तोत्रांच्या संग्रहात विलापस्तोत्रांचा गट सर्वांत मोठा आहे. हाक, गाऱ्हाणे, विनवणी, विश्वासाची ग्वाही आणि बहुधा अखेरीस स्तुती, अशी त्यांची घडण. सुटकेसाठी तेथे योजलेली क्रियापदे रोकडी आहेत : हिसकावून घेणे, मोल देऊन सोडवणे, नातलगाच्या हक्काने मोकळे करणे. परंतु सुटका गृहीत नाही. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते. दानीएलाच्या ग्रंथातील तीन तरुण, देवाने भट्टीतून सोडवले नाही तरी आपण मूर्तीपुढे वाकणार नाही, असे राजाला बजावतात.

दुसरी परंपरा ‘धाव्या’ची. गजेंद्र आणि द्रौपदी यांचे दाखले देऊन भक्त देवाला त्याच्या ब्रीदाची आठवण करून देतो. स्तोत्रकारही मिसर देशातून झालेल्या सुटकेचा दाखला देतो. पूर्वीच्या कृपेचा पुरावा पुढे ठेवून आजची कृपा मागणे ही दोन्हींची समान युक्ती होय. भेद आहे तो संबंधाच्या स्वरूपात. स्तोत्रांमागे एका लोकाशी झालेला करार उभा आहे. धाव्यामागे ब्रीदाला जागणाऱ्या देवाशी असलेली जवळीक. शिवाय वारकरी अभंगांत मुक्ती नाकारून भक्तिसुख मागितले जाते. म्हणजे ‘मुक्ती’ हा शब्द ख्रिस्ती प्रार्थनेत आला, तेव्हा तो कोरा नव्हता.

या शब्दाचे पुढे काय झाले? १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी ओवी स्वीकारली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. जुनी परिभाषा नव्या आशयासाठी राबवली. पंडिता रमाबाईंनी याच्या उलट दिशेने केलेले काम अधिक मूलगामी आहे. दुष्काळाच्या काळात केडगावी उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेचे नाव ‘मुक्ती’. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, हा त्या शब्दाचा रूढ अर्थ. केडगावी त्याला अन्न, निवारा, अक्षरओळख आणि हाताला काम असा आशय लाभला. ‘मुक्ती’ येथे ‘सुटके’जवळ आली.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हे द्वंद्व घरगुती पातळीवर दिसते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंनी तो निर्णय पुढे १९०० साली घेतला. मधल्या काळात सोवळ्याओवळ्याचा पगडा सुटला तो जातिभेदाविषयीच्या त्यांच्या स्वतःच्या विचारामुळे. आत्मचरित्रात दारिद्र्य आहे, अपत्यवियोग आहे, प्लेग आहे. पण प्रत्येक संकटाला चमत्काराचे उत्तर जोडण्याचा सोस नाही. विनोदबुद्धी आणि विश्वास एकाच वाक्यात नांदतात. न सुटलेल्या प्रसंगीही देवाशी बोलणे चालू ठेवण्याची ही वृत्ती स्तोत्रांच्या जवळची आहे. बोलण्याचा सूर मात्र मराठी माजघराचा आहे.

मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला ‘भाषांतरित’ ठरवणारे आणि तिला ‘वारकरी भक्तीचेच रूपांतर’ म्हणणारे, असे दोन्ही पक्ष म्हणूनच अपुरे वाटतात. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड टिळक सांगत. त्या उद्गाराचा आधार घेऊन दुसरा पक्ष उभा राहतो. परंतु वाट एक असली तरी मागणे बदलले आहे, हे तो पाहत नाही. ऐहिक सुटका मागणे हा भक्तीचा कनिष्ठ प्रकार मानण्याची आपल्या समीक्षेची सवय येथे आड येते. ती सोडल्याशिवाय रुग्णाच्या उशाशी किंवा उपासनेत सामान्य माणसे ज्या भाषेत देवाला हाक मारतात, ती भाषा तौलनिक अभ्यासाचा विषय होणार नाही. आणि मराठी भक्तिसाहित्याचा आपला नकाशाही अपुराच राहील.