केग्विनचें बंड व त्याचे साक्षीदार

इंग्रजी तारीख २७ डिसेंबर १६८३ रोजीं मुंबईच्या लष्कराचा मुख्य रिचर्ड केग्विन यानें डेप्युटी गव्हर्नर चार्लस वॉर्ड व त्याच्या पक्षाचे कौन्सिलदार यांस कैद केलें, आणि बेटाचा कारभार इतःपर कंपनीच्या नांवानें न चालतां राजा दुसरा चार्लस याच्या नांवानें चालेल, असें जाहीर केलें. १९ नोव्हेंबर १६८४ रोजीं सर थॉमस ग्रँथम याच्या स्वाधीन किल्ला होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अकरा महिने, मुंबई कंपनीच्या हातीं नव्हती. ह्या प्रकरणावर रे व ऑलिव्हर स्ट्रेची ह्या दांपत्यानें १९१६ त ऑक्सफर्ड येथें ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडनच्या दप्तरांतील कागद चाळून तो सिद्ध केलेला असून त्याची कथनशैली वेधक आहे. परंतु ग्रंथाच्या नांवांतच ह्या बंडास ‘मुंबईच्या इतिहासांतील एक प्रसंग’ असें म्हटलें आहे, आणि आमचा मतभेद येथूनच सुरू होतो.

हा तुटक प्रसंग नव्हे. १६७४ त कॅप्टन शॅक्स्टनच्या वेळीं हेंच लष्कर एकदां बिथरलें होतें. पुढें सर जोशिया चाइल्डच्या काटकसरीनें शिपायांचा पगार घटला व घोडदळ मोडलें. १६७९ च्या ऑक्टोबरांत खांदेरीपाशीं मराठी आरमाराशीं लढलेल्या केग्विनचे भत्तेहि कापण्यांत आले. वर्षास दहा पौंड खंडावर राजाकडून घेतलेलें बेट हें कंपनीच्या लेखीं दुकान होतें. त्याच्या तटावर पहारा करणाऱ्याच्या लेखीं तें ठाणें होतें. येथवर स्ट्रेची यांच्या ग्रंथानें वाचकाचें समाधान होतें.

अडचण साक्षीदारांची आहे. एका बाजूस सुरतेचा प्रेसिडेंट जॉन चाइल्ड व त्याचा मेहुणा वॉर्ड. दुसऱ्या बाजूस केग्विननें जानेवारी १६८४ त राजास व ड्यूक ऑफ यॉर्क यास लिहिलेलीं पत्रें. दोन्ही पक्ष आपापली कैफियत मांडीत आहेत. केग्विनचें म्हणणें असें कीं, कंपनीच्या गलथानपणामुळें बेट संभाजी किंवा सिद्दी यांच्या घशांत जाण्याच्या बेतांत होतें. गादीवरील राजास बंडखोर दुसरें काय लिहिणार? तेव्हां केवळ पत्रांवर भरंवसा ठेवून चालणार नाहीं.

येथें तारखांविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. त्या काळीं इंग्रजांचें वर्ष २५ मार्चला सुरू होई, व त्यांची तारीख पोर्तुगीजांच्या मागें दहा दिवस असे. जानेवारी १६८४ चें पत्र त्या रीतीनें ‘१६८३’ चें ठरतें. नजरचुकीनें तें तसेंच धरल्यास बंडाच्या अकरा महिने आधींच राजाकडे दाद मागितली होती, असा भलताच निष्कर्ष निघेल. तसेंच, बंडाची २७ डिसेंबर ही तारीख गोव्याच्या गणनेनें ६ जानेवारी १६८४ होय. डिसेंबरांत संभाजी महाराजांच्या फौजा बारदेश व साष्टींत शिरल्या होत्या, आणि शहाआलम घाट उतरून येतांच जानेवारीच्या आरंभीं त्या माघारी वळल्या. दोन्ही दप्तरांतील तारखा जशाच्या तशा जुळवणाऱ्यास, मराठे गोव्याच्या वेशींत असतांनाच इकडे बंड उठलें, असें वाटेल. वस्तुतः तोंवर मराठी फौजेनें पाठ फिरविली होती. मराठे दूर गुंतल्याची संधि साधली गेली, हा तर्क त्यामुळें अशक्य ठरत नाहीं, कारण बातमी पोंचण्यास दिवस लागत. पण तारखांच्या बळावर तो सिद्ध होत नाहीं, एवढें खरें.

मग साक्ष कोणाची घ्यावी? आमच्या मतें केग्विनच्या कृतीची. सुरतेच्या वखारीस मोंगलांची भीति, म्हणून जंजिऱ्याच्या सिद्दीचें आरमार मुंबईच्या आश्रयास येई, व त्याबद्दल मराठ्यांचा रोष बेटावर होई. ही गांठ केग्विननें सोडविली. सिद्दीच्या आरमारास त्यानें बंदरांत राहण्याची मनाई केली, आणि १६८४ च्या एप्रिलांत संभाजी महाराजांशीं करार करून शिवछत्रपतींनीं १६७४ त ऑक्झेंडेनला दिलेलीं कलमें कायम करून घेतलीं. पूर्वीं लुटलेल्या वखारींच्या भरपाईबद्दल १२,००० होनांचें कलमहि त्यांत होतें. ज्या सत्तेच्या भयाचें पत्रांत एवढें भांडवल केलें, तिच्याशीं तीन महिन्यांत सख्य जोडणारा मनुष्य भय अतिशयोक्तीनें सांगत असेल. पण त्या भयाचें मूळ सिद्दीच्या नांगरवाड्यांत आहे, हें त्यानें बरोबर ओळखलें होतें. मुंबईच्या राजकारणाची ही मराठी बाजू ग्रंथाच्या मध्यभागीं यावयास हवी होती.

तिसरा साक्षीदार ग्रँथम. त्याचा वृत्तांत १७१६ त लंडनला छापला गेला, म्हणजे मुंबईच्या शरणागतीनंतर बत्तीस वर्षांनीं. आणि आपल्या ‘स्मरणीय कृत्यां’चा म्हणून. ह्या कृत्यांत मुंबईच्या आधींचें व्हर्जिनियाचें प्रकरण आहे. तेथें १६७६ त बेकनचें बंड झालें, व पुढील वर्षाच्या जानेवारींत ग्रँथमनें उरल्यासुरल्या बंडखोरांस माफीचें वचन देऊन शस्त्रें खालीं ठेवावयास लाविलीं. इंग्रज चाकर व आफ्रिकी गुलाम मिळून सुमारें ४०० सशस्त्र लोक त्याच्यासमोर होते. बहुतेक पांगले, सुमारें शंभर अडून बसले, त्यांस गोड बोलून नौकेंत घेतलें व मग त्यांच्यावर जहाजाच्या तोफा रोंखल्या. ही हकीकत त्यानें स्वतःच, लाज न बाळगतां, नमूद केली आहे. असा मनुष्य मुंबईंत आपण केवळ समजुतीनें काम केलें असें म्हणेल, तर तें ताडून पाहिल्याखेरीज घेऊं नये. मात्र केग्विनच्या बाबतींत वचन पाळलें गेलें. तो ग्रँथमबरोबर विलायतेस गेला, पुढें शाही आरमारांत कप्तान झाला, व १६९० त वेस्ट इंडीजमधील सेंट ख्रिस्तोफर बेटावर हल्ला चढवितांना पडला.

कंपनीचें मुख्य ठाणें १६८७ त सुरतेहून मुंबईस आलें. जॉन चाइल्डनें मोंगलांशीं वैर ओढवून घेतलें, आणि ज्या सिद्दीस केग्विननें बाहेर ठेविलें होतें तोच, सिद्दी याकूत, १६८९ त बेटावर उतरला. माझगांव त्याच्या हातीं गेलें, व पुढील वर्षाच्या जूनपर्यंत इंग्रज आपल्याच किल्ल्यांत कोंडलेले होते.