शय्येवरून घेतलेले चित्र

रोगाला नाव देणे हे वैद्याचे काम. ते लोकांच्या तोंडी रुळविण्याचे काम वृत्तपत्रांचे. दीर्घकालीन थकव्याच्या विकाराला, म्हणजेच 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम'ला, दोन्हीकडून न्याय मिळाला नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात दोनशेहून अधिक कर्मचारी एकाएकी आजारी पडले. १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी केवळ जुन्या नोंदी चाळून तो सामूहिक उन्माद ठरविला. रोग्यांत स्त्रियांचा भरणा अधिक, हे त्यांचे एक प्रमाण! पुढे १९८०च्या दशकात वृत्तपत्रांनी याच विकाराला 'यपी फ्लू' म्हणून हिणवले. यपी म्हणजे शहरातील सुखवस्तू तरुण नोकरदार. जो आधी उन्माद होता, तो आता चैनीचा आजार झाला.

आज भाषा सौम्य झाली आहे. चित्र मात्र सुधारलेले नाही. या विकारावरील लेखासोबत बहुधा एकच छायाचित्र येते : टेबलाशी बसलेली, कपाळाला हात लावून डोळे मिटलेली नीटनेटकी तरुणी. वस्तुतः संध्याकाळी कचेरीतून परतताना आम्हीही असेच दिसत असू. परंतु आमचा शीण रात्रीच्या झोपेने जातो. या रोग्याचा जात नाही. स्नान, एखादा जिना, तासभर संभाषण एवढ्या श्रमानेही त्याची प्रकृती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढासळते आणि कित्येकदा आठवडेच्या आठवडे सावरत नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१५च्या अहवालाने हे या विकाराच्या प्रमुख लक्षणांपैकी एक मानले. छायाचित्रकार येतो तो रोगी उठून बसलेला असतो त्या दिवशी. त्याची किंमत चुकविण्याचा दिवस बंद खोलीत जातो.

जेनिफर ब्रेया यांच्या 'अनरेस्ट' (२०१७) या अनुबोधपटाचे मोल आम्हांस येथे वाटते. हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करीत असताना तीव्र ज्वरानंतर त्यांना या व्याधीने गाठले. चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी बहुतांशी अंथरुणावरूनच केले. दूरदेशीच्या रोग्यांशी त्या संगणकाच्या पडद्यावरून बोलल्या. कॅमेरा रोग्याच्याच हाती असल्यामुळे तो दुसऱ्या दिवशीही तेथेच राहतो. जमिनीवर पडून उठू न शकणारी स्त्री, शुश्रूषेने शिणलेला पती, इच्छेविरुद्ध घरातून रुग्णालयात नेली गेलेली डेन्मार्कमधील तरुणी, हे सारे तो दाखवितो. करुणेची याचना करीत नाही.

उणीव एवढीच, की यातील रोग्यांपैकी बहुतेकांना घर आहे आणि जवळचे माणूस आहे. ज्याची रोजी बुडाली आणि ज्याला पाणी देणारेही कोणी नाही, तो याही पडद्यावर फारसा येत नाही. तथापि हा दोष एकट्या ब्रेया यांचा नव्हे. अशा रोग्यापर्यंत इतर कोणता कॅमेरा पोहोचला आहे?

हा चित्रपट पाहताना आम्हांस एक जुना प्रसंग आठवला. एका सहकाऱ्याच्या रजेच्या अर्जावर 'अशक्तपणा व थकवा' असे कारण वाचून आम्ही हसलो होतो. रविवारी तो बाजारात हिंडताना दिसला होता, हा आमचा पुरावा. त्याला कोणता विकार होता हे आम्हांस आजही ठाऊक नाही. पण त्याचा सोमवार कसा गेला, हे विचारण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते.