पाठ फिरवणे आणि माघारी फिरणे : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक बायबली सूत्र

बायबलच्या जुन्या करारातील 'नीतिसूत्रे' या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ज्ञान हे हाक मारणाऱ्या स्त्रीच्या रूपात अवतरते. ती मंदिरात किंवा पाठशाळेत बोलत नाही. भर चव्हाट्यावर, वेशीच्या तोंडाशी उभी राहते. येणारे-जाणारे तिच्याकडे पाठ फिरवतात. पुढे संकट कोसळते तेव्हा तेच लोक तिचा शोध घेऊ लागतात, परंतु तोवर वेळ टळलेली असते. या प्रसंगाचा निष्कर्ष शिक्षेच्या भाषेत सांगितलेला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्याने जी वाट धरली तिचेच फळ त्याच्या वाट्याला येते, एवढेच तेथे सुचवले आहे. ईश्वराकडे पाठ फिरवण्याच्या परिणामांविषयी बायबलने जो विचार केला, त्याचे बीज या प्रसंगात सापडते. हा विचार गेली चार शतके मराठीत वावरत आहे. त्या वास्तव्यात त्याचे काय झाले, याचा शोध मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरावा.

या विचाराचा गाभा एका हिब्रू क्रियापदात साठवलेला आहे. 'शूव' या धातूचा मूळ अर्थ फिरणे, वळणे. ईश्वरापासून दूर जाणे आणि ईश्वराकडे परत येणे, या दोन्ही क्रिया हिब्रू भाषा याच एका धातूने व्यक्त करते. यिर्मयाच्या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायात तर एकाच वचनात हा धातू तीन वेळा येतो : एकदा परत येण्याच्या हाकेत, एकदा भरकटलेल्या लेकरांच्या वर्णनात आणि एकदा त्यांच्या भरकटण्याच्या दुखण्यात. ज्या पायांनी माणूस दूर गेला त्याच पायांनी तो परत येऊ शकतो, हा अर्थ येथे व्याकरणानेच सांभाळला आहे.

मराठीला हे साधणे अशक्य नव्हते. 'पाठ फिरवणे' आणि 'माघारी फिरणे' या दोन रूढ प्रयोगांत 'फिरणे' हेच क्रियापद दोन्ही दिशांना चालते. तरीही धर्मोपदेशाच्या मराठीत पहिल्या क्रियेसाठी 'धर्मत्याग' आणि दुसरीसाठी 'पश्चात्ताप' असे संस्कृत शब्द स्थिरावले. 'पश्चात्ताप' म्हणजे मागाहून होणारा ताप. त्यात मनाची होरपळ आहे, पावलांचे वळण नाही. हाक मारणाऱ्या त्या स्त्रीच्या बाबतीतही असेच घडले. हिब्रूतील 'होख्मा' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मराठीत रूढ झालेला 'ज्ञान' हा शब्द नपुंसकलिंगी. परिणामी चव्हाट्यावर उभी असलेली, उपेक्षेने दुखावलेली स्त्री मराठी वाचकाच्या नजरेआड होते आणि तिच्या जागी एक तत्त्व उरते. माणसाने तत्त्वाकडे पाठ फिरवली तर तत्त्वाला काही वाटत नाही.

बायबलचा विचार येथेच संपला असता, तर तो नीतिपाठाच्या पलीकडे गेला नसता. परंतु ज्या शलमोन राजाच्या नावावर परंपरेने नीतिसूत्रे नोंदवली, तोच राजा उतारवयात परक्या दैवतांकडे वळल्याची कथा 'राजे' या ग्रंथात येते. ज्ञानाचा मूर्तिमंत पुतळाच पाठ फिरवतो, आणि त्याचे फळ त्याला स्वतःला न मिळता त्याच्या मुलाच्या वाट्याला येते. रहबामाच्या काळात राज्य दुभंगते. पुढे इ. स. पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेतील शोमरोन अश्शूरांच्या हाती पडते आणि इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेमचा पाडाव होऊन लोक बाबेलला नेले जातात. संदेष्ट्यांनी या इतिहासाचा अर्थ ईश्वरविमुखतेचे फळ असाच लावला. मात्र त्याच बायबलमध्ये ईयोबाचा ग्रंथही आहे. ज्याने कधीही पाठ फिरवली नाही अशा माणसाचे सर्वस्व जाते, आणि त्याने काहीतरी पाप केलेच असले पाहिजे असे सांगणाऱ्या त्याच्या मित्रांनाच अखेरीस ईश्वर दोषी ठरवतो. दुराव्यातून दुःख निपजते, परंतु प्रत्येक दुःख हा दुराव्याचा पुरावा नव्हे. बायबली ज्ञानपरंपरेने स्वतःच्याच सूत्राला घातलेली ही मर्यादा ध्यानात घेतल्याशिवाय त्या सूत्राचे कोणतेही भाषांतर प्रामाणिक होऊ शकत नाही.

मराठीत या सूत्राचा पहिला मोठा आविष्कार फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त झाला. इंग्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये साष्टीतील राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. त्याच्या दोन भागांपैकी पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे. आदिपुरुषाच्या पतनापासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची ही कथा म्हणजे पाठ फिरवणे आणि परत बोलावले जाणे यांची अखंड मालिकाच होय.

तथापि ही कथा ज्या श्रोत्यांना सांगितली गेली, त्यांची स्थिती विसरून तिचे मूल्यमापन करता येणार नाही. १५६० च्या दशकात साष्टीतील देवळे पाडली गेली होती. मंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला, म्हणजे पोर्तुगीज सत्तेच्या बाहेर, हलवावे लागले होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्यानंतर तेथील गांवकरांची कत्तल झाली. ईश्वराकडे पाठ फिरवू नका, हा उपदेश ज्यांच्यापुढे होत होता त्यांना नुकतीच आपल्या पूर्वजांच्या देवाकडे पाठ फिरवावी लागली होती. इस्राएलाच्या मूर्तिपूजेची कथा ऐकताना या श्रोत्यांनी आपले स्थान कोठे कल्पिले असेल? वळून परत आलेल्यांमध्ये, की घर सोडून निघालेल्यांमध्ये? हा प्रश्न क्रिस्तपुराणाच्या अंतरंगातच दडलेला आहे.

ग्रंथकर्त्याला त्याची जाणीव असावी, असे ग्रंथाच्या आरंभावरूनच दिसते. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक जण पाद्रीगुरूला विचारतो की, पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी तुमचे पुराण का देत नाही? हा प्रश्न केवळ कथेच्या प्रास्ताविकाची सोय नाही. ज्यांचे श्रवणसुख हिरावले गेले त्यांची पोकळी त्यात बोलते, आणि स्टीफन्स त्या पोकळीला ओवीने उत्तर देतात. स्वर्गाला ते 'वैकुंठ' म्हणतात, सर्गाला 'अवस्वरू' म्हणतात, गुरुशिष्यसंवादाची जुनी चौकट स्वीकारतात. श्रोत्याला ओळखीच्या वाटेनेच नव्या घरी नेण्याचा हा प्रयत्न आहे. जी भाषा सोडली जाण्याची भीती होती तिच्यातच परत येण्याची हाक ऐकू येते, हे या ग्रंथाचे खरे यश होय.

त्याच ग्रंथात या यशाची दुसरी बाजूही दिसते. सैतानासाठी गोमंतकीय ख्रिस्ती परिभाषेत 'देवचार' हा शब्द रूढ झाला आणि क्रिस्तपुराणातही तो त्याच अर्थाने येतो. कोकण-गोव्याच्या लोकश्रद्धेत देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार होता. वाट चुकलेल्याला घरी पोहोचवणारा तोच, असा लोकांचा विश्वास होता. वैकुंठाला आपलेसे करणाऱ्या लेखणीनेच राखणदाराला वैरी ठरवले. एका शब्दाच्या अशा अर्थांतरात साऱ्या समाजाच्या वळणाची किंमत दिसते. संदेष्ट्यांची कठोर वाणी पराभूत, निर्वासित स्वकीयांना उद्देशून होती. तीच वाणी विजेत्या सत्तेच्या छायेत पराभूतांना ऐकवली गेली की तिचा स्वर बदलतो. स्टीफन्स यांच्या करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु या बदललेल्या स्वराची नोंद समीक्षेने घेतलीच पाहिजे.

पुढील इतिहासाने या ग्रंथाला अनपेक्षित अर्थ दिला. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदी आणली. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोकांना बंदिवान करून श्रीरंगपट्टणास नेले, तेव्हा क्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे मंगळूरच्या ख्रिस्ती परंपरेत सांगितले जाते. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला. ही परंपरा खरी मानली तर बाबेलची कथा हद्दपारीतच गायली गेली. मात्र या गायकांनी पाठ फिरवली नव्हती. पाठ न फिरवल्यामुळेच ते तेथे होते. संदेष्ट्यांचे सूत्र घेऊन निघालेला ग्रंथ अशा रीतीने ईयोबाच्या प्रश्नापाशी पोहोचला.

हा प्रश्न आयुष्याच्या आरंभीच ज्यांच्यापुढे उभा राहिला, त्या पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातील दुष्काळात, मद्रास इलाख्यातील तीर्थयात्रेच्या वणवणीत, त्यांचे आईवडील निवर्तले. पुराणे सांगत, व्रते पाळत, असलेले सर्व दान करत फिरणारे ते कुटुंब ईश्वराला विमुख झाले, असे कोणी म्हणू शकणार नाही. दुःखावरून दुरावा ताडण्याच्या सोप्या हिशेबाला रमाबाईंचे चरित्र हेच उत्तर आहे. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये ते पूर्णतः प्रसिद्ध झाले. हिंदू धर्मकल्पनांशी जडलेले संस्कृत शब्द टाळून अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी भाषा वापरण्याकडे त्यांचा कल होता. स्टीफन्स यांच्या नेमकी उलट ही भूमिका होय. एकाने जुने शब्द घेऊन नवे घर उभारले, दुसरीने जुन्या शब्दांचा उंबरठाच ओलांडला. रमाबाईंच्या मार्गाने भाषा काहीशी रुक्ष झाली हे मान्य केले तरी, ईश्वराशी असलेल्या नात्यावर कर्मविपाकाची छाया पडू नये हा त्यामागील आग्रह दुर्लक्षिता येत नाही.

ही छाया पडण्याचा धोका मराठीत खरोखरच मोठा होता. पेरावे तसे उगवते, हे मराठी मनाला पुराणकाळापासून ठाऊक आहे. त्यामुळे नीतिसूत्रांतील फळाची कल्पना कर्मफळाच्या कल्पनेत सहज विरघळून जाऊ शकते. दोहोंत साम्य आहे. भेद आहे तो दुखावलेल्या व्यक्तीचा. कर्माचा नियम कोणासाठी रडत नाही. होशेय व यिर्मया यांचा ईश्वर मात्र सोडून गेलेल्या पत्नीसाठी, घर विसरलेल्या लेकरासाठी व्याकूळ होतो. मराठी संतांना ही व्याकूळता परकी नाही, परंतु त्यांच्या वाणीत ती बहुधा भक्ताची असते. नामदेव-तुकारामांच्या अभंगांत देव येत नाही म्हणून भक्त रुसतो. बायबलच्या स्तोत्रांतही असे रुसणे आहे. संदेष्ट्यांच्या वाणीत मात्र माणूस येत नाही म्हणून देव रुसतो. विरहाची ही उलटलेली दिशा मराठीत आणणे, हेच या सूत्राच्या भाषांतरातील खरे आव्हान होते.

तुकारामांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी धारणा असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक या आव्हानाच्या सर्वांत जवळ गेले. अभंगाची जिव्हाळ्याची भाषा त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी योजली. परंतु पाठ फिरवण्याचे फळ म्हणजे काय, याचे सर्वांत सखोल दर्शन त्यांच्या कवितेपेक्षा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त घडते. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. सोयऱ्याधायऱ्यांच्या लेखी त्यांनी देवाकडे, धर्माकडे आणि घराकडे पाठ फिरवली होती. त्यांच्या स्वतःच्या लेखी ते घरी परतले होते. या दोन निवाड्यांमध्ये लहान मुलाला घेऊन उभी राहिलेली पत्नी मात्र या वळणाचे फळ प्रत्यक्ष भोगत होती. शलमोनाचे फळ रहबामाने खाल्ले, या जुन्या सत्याचा हा घरगुती प्रत्यय होय. लक्ष्मीबाई कोणताही निवाडा देत नाहीत. हसत, चिडत, रडत त्या दुराव्याचा हिशेब मांडतात, आणि त्या हिशेबात दंडाला जागा नाही, कर्मफळालाही नाही. तेथे आहे ती केवळ तुटलेल्या आणि पुन्हा जोडल्या गेलेल्या नात्याची कहाणी. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पूर्णत्वास नेले, हेही येथे आठवावे.

एकंदरीत पाहता, हे बायबली सूत्र मराठीत जेथे धाकाच्या स्वरात उच्चारले गेले तेथे ते क्षीण झाले, आणि जेथे नियमाच्या रूपात मांडले गेले तेथे कर्मफळात मिसळून दिसेनासे झाले. ते टिकले ते जेथे कोणीतरी वाट पाहत होते तेथे : नव्या श्रोत्याच्या पोकळीला ओवीने उत्तर देणाऱ्या पाद्रीगुरूच्या ठायी, निराधार स्त्रियांना कळेल असा शब्द शोधणाऱ्या विदुषीच्या ठायी, विस्कटलेला संसार प्रांजळपणे सांगणाऱ्या गृहिणीच्या ठायी. परिणामांची भीती दाखवणारे लेखन मराठीत पुष्कळ झाले. पाठ फिरवलेल्याचा चेहरा पुन्हा दिसावा म्हणून ताटकळणाऱ्याचे दुःख शब्दांत आणणारे लेखन थोडे झाले. परंतु मराठी साहित्याला या सूत्राची जी देणगी मिळाली, ती त्या थोड्या लेखनातूनच मिळाली.