असईच्या तोफा आणि कल्पित रणांगण

फर्दापूरच्या मुघलकालीन सराईत उभे राहिले, की घाट चढून दक्षिणेला असई आहे हे मला आठवते. विज्ञानकथांवर बेतलेल्या रोल-प्लेइंग खेळांत मागास शस्त्रांच्या पक्षाला बहुधा शौर्याचे गुण देऊन तोल साधतात. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांवरची गोळी चुकते आणि इतिहास वळतो. कथा मला आवडते. पण २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंद्यांचा तोफखाना संख्येने आणि माऱ्यानेही सरस होता. वेलस्लीची सुमारे १,६०० माणसे ठार वा जखमी झाली. उणे होते ते नेतृत्वात. इंग्रजांच्या जाहीरनाम्यानंतर शिंद्यांच्या चाकरीतले कित्येक इंग्रज अधिकारी आधीच निघून गेले होते. खेळाच्या तक्त्यात तोफेच्या पल्ल्याला गुण असतात; अधिकारी चाकरी सोडतो, असा नियम मात्र मला अजून दिसलेला नाही.