झोंबी धावू लागले तेव्हा

जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८ साली पडद्यावर आला तोच बेवारस होऊन. ऐन वेळी नाव बदलताना वितरकाकडून स्वामित्वहक्काची ओळ गळाली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार तेवढ्यावरच हक्क बुडाला. पिट्सबर्गच्या आसपास, सव्वा लाख डॉलरच्या आत उरकलेला हा कृष्णधवल सिनेमा मग ज्याला हवा त्याने दाखवला, विकला, रंगवला, २००६ मध्ये त्रिमितीतही काढला. त्यातले झोंबींचे नियम तर जगभर फिरले. आपल्या ‘झोंबिवली’पर्यंत (२०२२) येऊन पोहोचले. परवानगीची अडचण नसल्याने रिमेकांचे पीक उदंड आले, पण दाणा फार थोडा निघाला. याचे खापर सहसा कमी पैशावर किंवा सुमार नटांवर फोडले जाते. ते पटत नाही, कारण मूळ सिनेमाकडे तरी पैसा आणि नामवंत नट कुठे होते? रिमेकवाले झोंबीचा चेहरा उचलतात आणि चाल सोडून देतात, हे खरे दुखणे आहे. रोमेरोचे झोंबी रखडत येतात, म्हणून आत अडकलेल्या माणसांना भांडायला वेळ मिळतो. सिनेमा त्या भांडणाचा आहे.

स्मशानातला पहिला झोंबी बराच चपळ आहे, हे मान्य. पण शेतघराला वेढा पडल्यावर सगळे मंदावते आणि आत अडकलेल्या बेन व कूपर यांचा वाद सुरू होतो: वरच थांबून दारे-खिडक्या ठोकायच्या, की तळघरात उतरून कडी लावायची? बेन धीराचा, कामसू. कूपर भित्रा आणि हेकट. साहजिकच आपण बेनच्या बाजूने होतो. तळघर म्हणजे सापळा, असे बेन बजावतो, आणि शेवटी त्याच तळघरात शिरून एकटा तो रात्र काढतो. कूपरचे म्हणणे बरोबर होते, फक्त ते कूपरने मांडले होते. ही खोच संथ झोंबींशिवाय शक्य नाही. दार दोन मिनिटांत फुटणार असेल तर मतभेदाला जागाच उरत नाही.

टॉम सॅव्हिनीच्या १९९० च्या रिमेकला हे कळले होते. पटकथा खुद्द रोमेरोची, घर तसेच, वादही तोच. मात्र १९६८ मध्ये सुन्न होऊन सोफ्यावर बसून राहिलेली बार्बरा इथे शुद्धीवर येते आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणते की हे इतके हळू चालतात, आपण त्यांच्या शेजारून चालत निघून जाऊ शकतो. वादात गुंतलेले पुरुष तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पुढे ती तशीच चालत निघते आणि वाचते. मूळ सिनेमा बावीस वर्षे पाहिला गेला होता. हा साधा प्रश्न त्यात कुणी विचारला नव्हता. रिमेकने मूळ कृतीशी इमान राखावे ते असे, तिच्यातली फट शोधून.

झॅक स्नायडरचा २००४ चा ‘डॉन ऑफ द डेड’ याच्या उलट टोकाला. इथे आक्षेप येईल की तो रोमेरोच्या १९७८ च्या मूळ सिनेमापेक्षा जास्त दचकवतो आणि जगभरात दहा कोटी डॉलरच्या आसपास गल्लाही त्याने जमवला. मग तक्रार कसली? दचकवतो, यात वाद नाही. पहाटेच्या शांत उपनगरात सारा पॉलीची नर्स घराबाहेर पळते, तो सुरुवातीचा भाग या प्रकारातल्या उत्तम कामांपैकी आहे. पण दोन्ही सिनेमांत माणसे ज्या मॉलमध्ये आसरा घेतात, त्याचा धावत्या झोंबींनी निव्वळ किल्ला करून टाकला. रोमेरोच्या मॉलमध्ये मेलेली माणसे सवयीने परत येत होती आणि जिवंत माणसे फुकटच्या ऐषारामाला कंटाळत होती. दोघांत फरक करणे हळूहळू अवघड होत गेले. स्नायडरकडे त्यासाठी सवडच नाही. सवड मिळते तेव्हा छतावरची मंडळी समोरच्या बंदूकवाल्याला फलकावर नामवंतांची नावे लिहून दाखवतात आणि तो तशा चेहऱ्याचे झोंबी टिपतो. प्रसंग हसण्यासाठी आहे, आणि प्रेक्षक हसतातही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. रोमेरोचा अर्थ तरी ठरवून कुठे आला होता? बेनची भूमिका करणारा डुएन जोन्स कृष्णवर्णीय म्हणून नव्हे, चाचणीत सरस ठरला म्हणून निवडला, असे रोमेरो सांगत असे. योगायोग मुद्दाम कसा घडवणार? नाहीच घडवता येत. पण योगायोगाला धरून ठेवणारी रचना करता येते. सकाळी बेन तळघरातून वर येतो आणि झोंबी समजून कपाळात गोळी खातो. मग सिनेमा हलायचा थांबतो. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांसारखी भरड, स्थिर चित्रे येतात, त्यांत हातात आकडे घेतलेली माणसे असतात आणि बेनचा देह सरणावर जातो. मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येला सहा महिने झालेल्या प्रेक्षकाला वेगळे काही सांगावे लागले नसणार. सॅव्हिनीला तो क्षण पुन्हा मिळणे शक्य नव्हते, आणि त्याने तसा आवही आणला नाही. त्याच्या शेवटात बंदूकधारी गावकरी झोंबींना झाडाला टांगून मजा बघतात, म्हणजे स्नायडरच्या छतावरचाच खेळ, फक्त इथे बार्बरा तो खेळ पाहते आहे आणि हसत नाही. थोड्या वेळाने माळ्यावरून कूपर जिवंत उतरतो. ती त्याच्या डोक्यात गोळी घालते आणि गावकऱ्यांना सांगते की जाळायला आणखी एक आहे.